पत्र्याखालचा सव्वा महिना

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याच घरी करायचं, असं मी ठरवलं होतं आणि मी एकदा ठरवलं की आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही. पहिली खेप माहेरी, हा रिवाज तर होताच. पण माझं कारण त्याहून मोठं होतं. मी आशा कार्यकर्ती. सुरतेत उधन्याच्या पलीकडे, लूमच्या खात्यांमागच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांमागच्या आमच्या वस्तीत गरोदर बाया शोधायच्या, त्यांना हेल्थ सेंटरला न्यायचं, बाळंत झाल्या की घरी जाऊन ठरलेल्या दिवशी बाळ बघायचं, हे माझं बारा वर्षांचं काम. गल्लीगल्लीतली पोरं मी वजनकाट्याच्या झोळीत टांगलेली आहेत. आणि माझं स्वतःचं नातवंड दुसऱ्या कुणी बघायचं? मग माझा उपयोग काय?

विहीणबाई बारडोलीच्या. म्हणजे मूळच्या आमच्यासारख्या खानदेशातल्याच, पण त्यांचं घर बारडोलीला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. त्यांनी फोन केला होता, आमच्या अहिराणीत. "ताई, उन्हाळाना दिन शेत. आठे आंगन शे, निंबनं झाड शे. पोरले आठेच ऱ्हाऊ द्या, तुम्हीच या." पोरीला इथेच राहू द्या, हे बोलणं गोड होतं, मनापासून होतं. पण मला ते टोचलं. म्हणजे माझ्या घरात बाळंतीण ठेवण्यासारखी जागा नाही, असंच ना? मी म्हटलं, "मी सरकारी ट्रेनिंग घेतलेली बाई आहे, तुम्ही काळजी करू नका." त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलं.

आता आमचं घर कसं आहे ते सांगते. एकामागे एक अशा दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीचं दार गल्लीत उघडतं, तिथे घरातला एकमेव धड पंखा. माझे मिस्टर लूमवर कामाला, तेव्हा त्यांची रातपाळी चालू होती. सकाळी आठला यायचे, कानात कापूस घालून पुढच्या खोलीत झोपायचे ते चार वाजता उठायचे. मागची खोली दहा बाय दहाची. तिला एकच झरोका आणि झरोक्यापलीकडे दोन हातांवर एका खात्याची भिंत. त्यातून दिवसभर खटखट आणि धाग्याचा बारीक तूस आत येतो. लहान बाळाच्या नाकातोंडात तूस जाईल म्हणून मी झरोक्यात पुठ्ठा बसवला. मधलं दार लावून घेतलं, कारण वडील झोपलेले असताना लेक त्यांच्यासमोर बाळाला पाजणार कशी? शिवाय बाळंतिणीला वारं लागू नये, हे मी आईकडून ऐकलेलं आणि तिनं तिच्या आईकडून. दार लावायला इतकी कारणं होती की ते उघडायचं एकही कारण सुचू नये.

शेगडी मात्र मी ठेवू दिली नाही. आमच्यात बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, कानाला फडकं बांधतात, पाणी मोजून देतात. शेजारणी विचारायला आल्या तेव्हा मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, हे सगळं जुनं झालं, माझ्या घरी शास्त्राप्रमाणे होईल. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझं शास्त्र म्हणजे काय होतं, तर एका हॉलमध्ये शिकलेला धडा. ट्रेनिंगला आम्हा पंधरा-वीस बायकांना एसीच्या हॉलमध्ये बसवलं होतं. एसी इतका की सगळ्यांनी पदर डोक्यावरून गुंडाळून घेतला होता. प्रत्येकीला प्लास्टिकची बाहुली दिली. बाळ कमी वजनाचं असेल तर काय करायचं? आधी अंगडं, मग टोपी, मोजे, मग दुपटं असं दुमडायचं, तसं दुमडायचं, वर चादर. पंखा बंद. खिडक्या बंद. मॅडम सगळ्यांच्या बाहुल्या बघत आल्या आणि माझी बाहुली उचलून सगळ्यांना दाखवली. मी नववी नापास बाई. आयुष्यात माझं काही असं वर उचलून कुणी दाखवलेलं नव्हतं. तेव्हापासून बाळ गुंडाळण्यात माझा हात कुणी धरू शकेल, असं मला वाटत नाही.

नातू झाला एप्रिलच्या शेवटी, सरकारी दवाखान्यात. सव्वादोन किलोला जरा कमीच. सुट्टी देताना नर्स घाईत म्हणाली, "छोटं आहे, गरम ठेवा." मी हसले. हे मला सांगायचं होय? रिक्षातच मी त्याला असं गुंडाळलं की फक्त नाकाचा शेंडा दिसत होता.

त्या वर्षी उन्हाळा असा होता की दुपारी पत्र्यावर पाण्याचा तांब्या ओतला तरी वाफ दिसायची. सुरतचं ऊन नुसतं भाजत नाही, ते अंगाला चिकटतं. घाम येतो आणि वाळत नाही. हेल्थ सेंटरवरून आम्हाला रोज सकाळी मोबाईलवर निरोप यायचा, आज अमुक रंगाचा इशारा, घरोघरी जा, ओआरएसची पाकिटं वाटा, म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं बघा, फोटो ग्रुपवर टाका. निरोपाच्या शेवटी एक वाक्य असायचं, की दुपारी बारा ते चार बाहेर पडणे टाळावे. आणि आमचा सर्व्हे अकराला सुरू व्हायचा. कुणाला विचारायची सोय नव्हती.

मी पाणी प्यायचे नाही. लोकांना सांगायचे, दर अर्ध्या तासाला प्या, आणि स्वतः सकाळी घरातून निघताना एक पेला प्यायचे, तेवढाच. कारण प्यायलं की जायला लागतं आणि वस्तीत जायचं कुठे? कुणाच्या घरी संडास मागायचा म्हणजे त्या बाईनं आधी आपल्याला वरखाली न्याहाळायचं. आमच्या सगळ्याजणी असंच करतात. लघवीला आग व्हायची, दुपारपर्यंत डोक्यात घण बसायचे, शब्द आठवायचे नाहीत. घरी आले की मला कुणी हाक मारलेलीसुद्धा खपायची नाही. नाकावर राग घेऊनच मी उंबरा ओलांडायची.

अशातच तिसऱ्या की चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "माय, दार थोडं उघडू का? जीव घाबरी ऱ्हायना."

"तुना बाप निजेल शे," मी म्हटलं. "आनी पोऱ्याले वारं लागी जाई. तुले काय समजस?"

ती परत आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुठ्ठा काढलेला मला दिसला. मी एक शब्द न बोलता तो परत बसवला, आणि माझं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

तिच्या पाण्याचं मी बघितलं होतं, असं मला वाटायचं. माठ पुढच्या खोलीत. मी निघताना तिच्याजवळ एक बाटली भरून ठेवायची, जेवण झाकून ठेवायची. बाटली बाराच्या आत संपायची, हे मला पुढे कळलं. वडलांची झोपमोड होईल म्हणून ती माठापर्यंत यायची नाही. रात्रभर उभ्यानं मशीन चालवून आलेला माणूस, त्याला उठवायचं कसं? त्याच्याच पगारावर तिचं लग्न झालेलं. ती चार वाजायची वाट बघत बसायची. मी तिला पाण्यावाचून ठेवणाऱ्या सासवांना नावं ठेवत गल्लोगल्ली फिरत होते, आणि माझी लेक एका दाराच्या अलीकडे तहानलेली बसली होती.

सातव्या दिवशी बाळाचा फॉर्म भरायचा असतो. ताप मोजायचा, वजन करायचं, श्वास मोजायचे, आईला विचारायचं की दूध ओढतं का, दिवसातून किती वेळा शू करतं. परक्या घरात मी हे सगळं करते, त्यात कामचुकारपणा नाही. पण नातवाचा फॉर्म मी रात्रीची भाजी फोडणीला टाकून, ओट्यापाशी उभ्यानं भरला. घरचंच तर बाळ, डोळ्यांसमोरचं. ताप नाही, असं लिहिलं. थर्मामीटर पिशवीतच राहिला. दूध ओढतं का, हो. आत जाऊन विचारलंसुद्धा नाही.

आणि बाळ गुणी झालं होतं. पहिले चार-पाच दिवस किरकिर करायचं, नंतर शांत. मी आत डोकावायची, ते झोपलेलं. मी शेजारणीला म्हणाले, "कितला चांगला निजेल शे." लेक काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. मला वाटायचं, बाळंतपणाचा थकवा.

नववा दिवस होता. मी सर्व्हेला निघाले, दोन-तीन गल्ल्या झाल्या, आणि बांधकामावरच्या मजुरांच्या पालांपाशी आले. तिथे विदर्भातली एक बाई होती, माझ्या यादीतली, तिचं बाळ बावीस दिवसांचं. पोरगी नुसत्या लंगोटावर पडलेली. खाट पालाच्या बाहेर काढलेली, वरून ओलं लुगडं टांगलेलं आणि बाई स्वतः भलामोठा लोटा तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. माझं टाळकंच सरकलं. "टोपी कुठं आहे? मोजे कुठं आहेत? इतक्याशा जिवाला उघडं टाकतात का?"

ती घाबरली नाही. म्हणाली, "बाई, आपल्यालेच लुगडं अंगावर ठेवाव नाही वाटून राह्यलं, तिले कायले गुंडाळू?"

मी पुढे आणखी बोलणार होते, पण फॉर्म हातात होता, आणि हात सवयीनं चालतो. विचारलं, दूध ओढतं का? "ओढते की, दिवसातून दहादा." शू? "सारं अंथरूण धुऊनच राह्यली मी." रडतं का? ती हसली. "इतकी रडते का साऱ्या पालाले उठवते."

मी तिथे टिकमार्क केला, आणि मग पेन तसंच राहिलं. माझा नातू शेवटचा कधी रडला?

मी आठवायला लागले. काल? काल नाही. परवा सकाळी? दोरीवर त्याचे लंगोट किती वाळत होते? आज एकही नव्हता. मी त्या पालाचा बांबू धरला. त्या बाईनं मला तोच लोटा पुढे केला. मी पाणी न पिता निघाले. पिशवी तिथेच राहिली, पाकिटं तिथेच राहिली. अर्धा रस्ता चालत, मग पळत, मग एका रिक्षावाल्याला मी आडवीच झाले. रिक्षात मी सारखी स्वतःला सांगत होते, झोपलं असेल, गुणी आहे, झोपलं असेल.

मिस्टर पुढच्या खोलीत झोपलेले. मी मधलं दार ढकललं, आणि आतून जी हवा तोंडावर आली तशी मी फक्त डाइंगच्या मिलमध्ये, साड्या रंगवतात तिथे, अनुभवलेली आहे. त्या खोलीत माझी लेक भिंतीला टेकून बसली होती. पोलकं घामानं काळं झालेलं. बाळ मांडीवर, टोपी, मोजे, अंगडं, दुपटं, वरून चादर. अगदी मी दुमडते तसं दुमडलेलं.

"दूध पी नही ऱ्हायना, माय," ती म्हणाली. "सकाळपासून."

मी त्याला हात लावला. तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तसं अंग. ओठ सुकलेले. टाळू खोल गेलेली. मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली, ट्रेनिंगमध्ये शिकवतात तशी. त्यानं तोंड वाकडं केलं, पण आवाज निघाला नाही.

मग मी ओरडले. मिस्टर धडपडत उठले, शेजारणी आल्या. रिक्षा दारातच उभी होती. रिक्षात मी एकेक करून त्याला सोडवत गेले. चादर, दुपटं, दुसरं दुपटं, अंगडं, मोजे, टोपी. आतून निघालं ते एवढंसं लाल अंग, वीतभर. मी पदर ओला करून त्याच्या अंगावरून फिरवत होते आणि लेक त्याला छातीशी धरून "पी ना रे, पी ना" करत होती. तिला दूधच नव्हतं. कुठून येणार? मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. पुढेही हलता येईना, मागेही नाही, आणि मी रिक्षाच्या लोखंडी दांड्याला धरून नुसती बसले होते. आयुष्यात इतकी असहाय मी कधीच नव्हते. मला त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा राग येत होता, कारण स्वतःचा राग करायला वेळ नव्हता.

त्यांनी बाळाला लगेच आत नेलं. काचेपलीकडे तिघं-चौघं त्याच्याभोवती वाकले, इतक्याशा हाताला सुई लावली. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. लेकीला कुणीतरी पाणी दिलं. ती एक पेला प्यायली, दुसरा प्यायली, तिसरा प्यायली. मी बघत होते.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वय माझ्या लेकीएवढंच असेल. संसर्गाचा ताप दिसत नाही, उष्णतेनं आणि दूध-पाण्यावाचून झालंय, आज रात्र बघावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग कागदावर लिहायला लागल्या. किती कपडे घालत होता? खोलीत पंखा? दार, खिडकी? लेक एकेका प्रश्नाला गुजरातीत खरंखरं उत्तर देत गेली. मी तिच्या शेजारी उभी. गळ्यातलं ओळखपत्र मी केव्हाच पोलक्यात खोचलेलं होतं. कधी खोचलं, आठवत नाही. हात आपोआप गेला असणार.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "आशा बेन घरे आव्या हता?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. "ना," ती म्हणाली. "कोई नथी आव्युं."

कुणी आलंच नाही, हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. या बायका घरी येत नाहीत आणि मग पोरं अशी होतात, असं काहीतरी त्या बोलल्या. आणि मी, माझ्यासमोर आमच्या कामाबद्दल कुणी असं बोललं तर रस्त्यात भांडणारी बाई, मी "हो ना" म्हणाले.

बाळ वाचलं. तिसऱ्या दिवशी काचेआडून त्याचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि त्या दिवसापासून मला दुसऱ्याचं रडणारं पोर कधी त्रासदायक वाटलेलं नाही. आठव्या दिवशी सुट्टी मिळाली. विहीणबाई गाडी घेऊन आल्या होत्या. सव्वा महिना व्हायचा होता, बाळंतीण माहेराहून अशी अर्ध्यात उठून जात नाही. पण लेकीनं तिची पिशवी बारडोलीच्या त्या गाडीत ठेवली. विहीणबाईंनी मला दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी बाळाला मलमलच्या एका फडक्यात घेतलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीबी चला ना."

गाडीत बसायच्या आधी मी लेकीला बाजूला घेतलं. मनात साचलेलं बोलायचंच होतं. म्हटलं, तू मला वाचवलंस, डॉक्टरांपुढे माझं नाव घेतलं नाहीस.

ती रागावली की अहिराणी सोडते आणि शाळेतलं मराठी बोलते. "मी तुला वाचवलं नाही," ती म्हणाली. "मी खरं तेच सांगितलं. आशाबाई आल्या असत्या तर मी त्यांना सांगितलं असतं, की माझी आई दार उघडू देत नाही."